मी पेरलेला तेरडा

आठवीच्या वर्गाला मी परागीभवन शिकवायचे, आणि चांगलं शिकवायचे. फळ्यावर भोपळ्याचं फूल काढायचं, त्यावर मधमाशी बसवायची, तिच्या पायांना पिवळ्या खडूनं पराग लावायचे आणि बाण काढून तिला या फुलावरून त्या फुलावर पाठवायची. पोरं खूश. दहा-बारा वर्षं मी ती माशी काढली असेल. खरी माशी शेवटची कधी पाहिली, असं मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

नव्वदीच्या मध्यावर आम्ही ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या नव्या सोसायटीत राहायला आलो. तळमजला. आमचे हे न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरीला, सकाळी अंधारात निघायचे. मी शाळेत. खिडकीच्या ग्रिलखाली हातभर माती मोकळी होती. मी लातूरकडची. हातभर माती रिकामी दिसली की आम्हाला स्वस्थ बसवत नाही. मी भोपळ्याचं बी टोचलं, शेजारी काकडी लावली. भोपळ्याचा वेल असा माजला की पहिल्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली. फुलं तर ढिगानं. मादीफुलाच्या देठाशी सुपारीएवढा भोपळा दिसायचा, मी मनातल्या मनात घारगे तळायला घ्यायचे, आणि चार दिवसांत तो पिवळा पडून गळायचा. सगळेच्या सगळे गळाले. काकडीचीही तीच कथा.

मी शेणखत घातलं, ताक ओतलं, वेलाला शिव्याही घातल्या. शेवटी एका रविवारी चहाचा कप घेऊन खिडकीत बसले, फुलं उमलल्यापासून मिटेपर्यंत. तेवढ्या वेळात एक माशी आली. घरमाशी. कचऱ्याच्या डब्यावरून आली, फुलावर बसली, तिला काही आवडलं नाही, उडून गेली.

मला दरदरून घाम फुटला. अतिशयोक्ती नाही. एवढी मोठी सोसायटी, एवढी पिवळीधमक फुलं, आणि एक मधमाशी नाही? भुंगा नाही, फुलपाखरू नाही, काही म्हणजे काहीच नाही? मी उठून बाहेर गेले आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. चारी बाजूंना मुरुमाचा भराव, त्यावर सिमेंट. महिन्यातून एकदा पेस्ट कंट्रोलवाला यायचा. मलेरियाच्या भीतीनं संध्याकाळी धुराची गाडी यायची, आणि पोरं त्या धुरात नाचत तिच्या मागं धावायची. फळ्यावर माशी काढणारी बाई मी, आणि माझ्या खिडकीबाहेर माशीला बसायला जागा नव्हती. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

तळवलीहून एक मावशी भाजी घेऊन आमच्या गेटवर यायच्या. साठीच्या पुढच्या, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, डोक्यावर टोपली. त्यांच्या टोपलीत काकड्या असायच्या, कोवळ्या, तुकतुकीत. मी त्यांच्यावरच घसरले. तुमच्याकडं लागतात आणि आमच्याकडं का नाही, असं काही त्यांनीच माझा वेल मंत्रानं बांधून ठेवल्यासारखं विचारलं. मावशी हसल्या नाहीत. टोपली उतरवून आत आल्या, एक फूल हातात धरून त्यात बघितलं.

"फूल हाय, पन माशी नाय. त फल कशी धरंल गो बाय?"

मी बी.एस्सी. बॉटनी. माझा अख्खा धडा त्यांनी एका दमात आटपला होता. मी विचारलं, मग माशी यायची कशानं? त्या म्हणाल्या, बांधावर जे असायचं त्यानं. तेरडा, कुर्डू, टाकळा, कवला. पावसाळाभर काही ना काही फुललेलं पाहिजे, माशी एका फुलासाठी येत नाही. हे सांगताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. आमच्या विंगच्या मागं, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत सोसायटीची एक मोकळी पट्टी होती. नकाशात ती ‘बाग’ होती, प्रत्यक्षात मुरुमाचा ढिगारा. मावशी तिकडं बघत होत्या, बराच वेळ. मला वाटलं, माशी शोधताहेत.

त्या वर्षी गणपती झाल्यावर मावशींनी मला खोकल्याच्या औषधाची एक बाटली आणून दिली. आत तेरड्याचं बी, बारीक, तपकिरी, तोंडापर्यंत भरलेलं. बाकीची बियाणं फडक्यात बांधलेली. एवढं कुठून गोळा केलं, विचारलं तर म्हणाल्या, लांबून. मी काही देऊ केलं ते घेतलं नाही. फक्त एक विचारलं, पुढच्या गवरीपर्यंत फुलेल ना? म्हाताऱ्या माणसांचं कॅलेंडर असंच असतं, सगळं सणावारावर, असं मी समजले. फुलेल की, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि टोपली उचलली.

आता सोसायटीची परवानगी. आमचे सेक्रेटरी कोकणातले, अतिशय सभ्य. ते नाही कधी म्हणायचे नाहीत, ‘बघू’ म्हणायचे, आणि मग नाहीच व्हायचं. त्या पट्टीत फरशी बसवून गाड्यांना जागा करायचं कमिटीच्या मनात होतं, कारण दोघा-तिघांनी नवीन गाड्या घेतल्या होत्या. मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि वर्गात ओरडते तशी ओरडले. मुलांना फुलपाखरू चित्रात दाखवणार का, काकडीला काय प्लास्टिकची माशी लावणार, असलं बरंच काही. माझ्या तोंडाला लागायची कुणाची तयारी नव्हती. ठरलं ते असं : एक पावसाळा मॅडमना द्यायचा. अनंत चतुर्दशीनंतर कमिटी येऊन बघेल. शोभा दिसली तर ठीक, नाहीतर फरशी.

म्हणजे माझ्याकडं एकच मोसम होता. आणि बी एकदाच होतं, बाटलीभर. झाडं वाढली, फुलली आणि त्यांचं बी तिथल्या तिथं पडलं, तर पुढच्या वर्षी ती आपोआप उगवणार. बी पडायच्या आधी काही झालं, तर सगळं गेलं. मी हे घरात इतक्या वेळा बोलून दाखवलं की आमचे हे झोपेतसुद्धा ‘बी पडू दे’ म्हणत असतील.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुरूम फोडला. टिकाव घेऊन, डोक्याला पंचा बांधून. तळवलीच्या गोठ्यातून शेण आणलं, नाल्याकाठची काळी माती आणली. मावशी दुपारी भाजी विकून झाली की येऊन बसायच्या. मी सगळं सारखं करायला गेले की हात धरायच्या. कोपऱ्यातला मातीचा उंचवटा तसाच ठेव म्हणाल्या, निळी माशी तिथं भोक पाडून घर करते. भिंतीकडेला वाळलेली काटकी राहू दे, भुंगा त्यात राहतो. मी आयुष्यभर स्वच्छता शिकवलेली बाई, मला तो पसारा बघवेना. पण ऐकलं. कुठल्या बाजूला तेरडा आणि कुठल्या बाजूला टाकळा, हेही त्यांनीच सांगितलं. तेरडा त्यांनी या टोकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ ओळींत पेरायला लावला. एवढ्या सरळ ओळी कशाला, मी म्हटलं. असाच असतो, त्या म्हणाल्या.

पेस्ट कंट्रोलवाल्याला मी हात जोडले, धुराच्या गाडीवाल्याला जोडले नाहीत. त्याच्या गाडीपुढं छत्री उघडून उभी राहिले. तो म्हणाला, मॅडम, डास चावतील. मी म्हटलं, चावू देत, तुला काय टेन्शन? त्यानंतर तो आमच्या मागच्या बाजूला यायचा बंद झाला, आणि अख्ख्या सोसायटीत माझं नाव व्हायचं ते झालं. कुणी म्हणे साप येतील, कुणी म्हणे टीचर मच्छर पाळतायत. आषाढात सगळं तरारून वर आलं तेव्हा तर ते गवतच दिसत होतं. माझीच मला शंका येऊ लागली.

श्रावणात तेरडा फुलला. गुलाबी, जांभळा, मधूनच पांढरा. तेरड्याशी माझी ओळख ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या म्हणीपुरती, मुलांना वाक्यात उपयोग करायला देण्याइतकी. खरा तेरडा कमरेएवढा उभा राहून फुललेला मी पहिल्यांदा बघत होते. आणि एका सकाळी शाळेत निघताना कानाशी गुंई असा आवाज आला. एक माशी हवेत जागच्या जागी थांबली होती. मधमाशीहून जाड, गुबगुबीत, आणि पोटावर निळे पट्टे. चकचकीत निळे! माझ्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात ही माशी नव्हती. ती तेरड्याच्या फुलात डोकं खुपसून आत गेली, पाठीवर पांढरा पराग घेऊन मागं सरकली, पुढच्या फुलात गेली. बाण नव्हता, खडू नव्हता. मी तिथंच मटकन खाली बसले. शाळेला उशीर झाला आणि मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तेव्हा मी खरं कारण सांगितलं.

मग सगळे आले. काळे भुंगे आले, फुलोरी जातीच्या चिमुकल्या मधमाशा आल्या, सुईच्या टोकाएवढ्या हिरवट माशा आल्या, त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत. कुर्डूवर फुलपाखरं बसू लागली. आणि तिथून माशा वळून माझ्या खिडकीत आल्या. भोपळ्याच्या फुलात एकेका वेळी दोन-दोन. धरलेला भोपळा या वेळी गळाला नाही. मुठीएवढा झाला, नारळाएवढा झाला. संध्याकाळी दमून आलेले आमचे हे बूट काढता काढता विचारायचे, आमच्याकडं आज कंटेनर उतरले, तुझ्याकडं काय उतरलं? चेष्टा करायचे, पण विचारल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत.

आता सोसायटीतल्या बायकाही थांबून बघू लागल्या. बहुतेक कोकणातल्या, काही जवळपासच्या. सेक्रेटरींच्या मिसेस रोज वरून खाली उतरायच्या, तेरड्याकडं कौतुकानं बघायच्या. एकदा म्हणाल्या, छान भरलाय हो, सगळ्यांना पुरेल ना? मी म्हटलं, पुरून उरेल. मला वाटलं, शोभा सगळ्यांना पुरेल का, असं विचारताहेत. किंवा माशांना. खरं सांगते, मी काय ऐकलं ते मला आठवतच नाही. कुणी कौतुक केलं की माझे कान बंद होतात.

आमच्या लातूरकडं गौरी म्हणजे महालक्ष्म्या. पितळी मुखवटे, जरीची लुगडी, कमरेएवढ्या उभ्या केलेल्या दोघी, पुढं फराळाच्या राशी. त्या आमच्या मोठ्या दिरांकडं बसतात. त्या वर्षी मला रजा मिळाली नव्हती म्हणून मी गेले नव्हते. गौरी येण्याच्या दिवशी मी नेहमीसारखी शाळेत होते.

दुपारी दीडच्या सुमाराला बसमधून उतरले. गेटपासूनच जमिनीवर कुंकवाची पावलं दिसत होती, जिन्यांतून ताटं वाजत होती. सणाचा दिवस, म्हटलं, छान. वळसा घालून मागं गेले.

तेरडा नव्हता.

आधी मला कळलंच नाही मी काय बघतेय. वाटलं, चुकीच्या विंगमागं आले. मग उपटल्याचे खड्डे दिसले, ओळीनं. तुडवलेला चिखल दिसला, मोडून पडलेल्या काड्या दिसल्या, गुलाबी पाकळ्या चिखलात रुतलेल्या. सकाळी फुललेलं अख्खं शेत सोडून गेले होते मी! बाटलीतलं बी संपलेलं, अनंत चतुर्दशी आठवड्यावर, आणि कमिटीला दाखवायला माझ्याकडं चिखल होता.

आणि त्या चिखलात, टाकीच्या बाजूला, मावशी बसल्या होत्या. मांडीवर तेरड्याची मुळासकट उपटलेली जुडी, तिला केळीच्या सोपटानं बांधत होत्या. बाकी कुणी नव्हतं.

माझ्या जिभेला हाड नाही हे मला लहानपणापासून सांगत आलेत. त्या दिवशी जे बोलले ते सगळं इथं लिहिणार नाही. रोज ‘तुम्ही मावशी’ म्हणणारी मी ‘तू’ वर आले. म्हटलं, तूच बी दिलंस आणि तूच मुळावर आलीस? हात कसा धजला तुझा? त्या सोपट आवळत राहिल्या, म्हणून माझा पारा आणखी चढला.

"विचारलंस कुणाला? तुझ्या बापाचं शेत आहे का हे?"

मावशींनी गाठ मारली. मग वर बघितलं. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट.

"बापाचा नाय, बाय. सासऱ्याचा व्हता."

त्यांनी बसल्या जागेवरून हातानं दाखवलं. आमच्या विंगखाली भाताचा मोठा तुकडा. पलीकडं खाचर. आणि या टोकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत बांध. वीस वर्षांपूर्वी शहर व्हायचं म्हणून जमीन गेली, भराव पडला, बांध त्याखाली गेला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी घरची गवर त्या बांधावरूनच नेली होती. गवर म्हणजे तेरडाच, मुळासकट. आपल्या शेतातली गवर आपल्या घरी जायची. बांध गेल्यापासून बाजारातून विकत आणतात. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला, चोरी कबूल केल्यासारखा. मग त्यांनी मांडीवरची जुडी उचलली, माझ्या दारापुढच्या पायरीवर ठेवली, लुगड्याचा चिखल झटकला आणि रिकाम्या हातानं गेटकडं चालत निघाल्या. मी हाक मारली नाही. मारायला पाहिजे होती.

मग हळूहळू डोळ्यांना दिसायला लागलं. प्रत्येक खड्ड्याभोवती काळपट दाणे पडले होते. तेरड्याचं पिकलेलं बोंड हात लागला की फुटतं आणि बी उडवतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण हे आपोआप उडालेलं नव्हतं. खड्ड्याखड्ड्यात घालून वर माती सारलेली होती. आणि भिंतीच्या कडेची एका अख्ख्या ओळीला कुणी हातच लावला नव्हता, बियाण्यासाठी सोडावी तशी. कुर्डू, टाकळा, कवला जागच्या जागी होते. कोपऱ्यातला मातीचा उंचवटा जसाच्या तसा. कडेच्या ओळीवर निळी माशी हवेत थांबून गुणगुणत होती.

सेक्रेटरींच्या मिसेस तेवढ्यात ताटात घावनं घेऊन आल्या, माझा चेहरा बघून थबकल्या. तुम्ही तर पुरून उरेल म्हणाला होतात, त्या म्हणाल्या. आणि खरंच पुरून उरला, अठरा घरांत गेला. आम्ही नुसतं ओढायलाच लागलो होतो हो, त्या भाजीवाल्या मावशी आल्या म्हणून बरं. त्यांनी एकेकीला थांबवलं. आधी पिकलं बोंड मुठीत फोडायचं, बी जागेवर पाडायचं, मग झाड ओढायचं. कडेची ओळ सोडायची. टीचरला पुढच्या सालाला लागेल, म्हणून दरडावत होत्या सगळ्यांना. स्वतःसाठी सगळ्यांत शेवटी घेतलं.

पुढं त्या हसून म्हणाल्या, आणि फरशीचं विसरा आता. मी यांना सकाळीच सांगितलंय, ज्या जागेतून गौर घरात आली तिथं फरशी घालायची नाही. बायका मिळून सांगणार आहोत.

म्हणजे मी जिंकले होते. बी पडलं होतं, जागा वाचली होती, आणि दोन्ही गोष्टी जिनं केल्या तिला मी तिच्याच शेतातून हाकलून दिलं होतं. पायरीवर ती जुडी पडलेली होती. माझं शाळेतलं बाईपण आणि माझी डिग्री दोन्ही त्या पायरीवर ठेवून कुठं तरी तोंड लपवावंसं वाटलं.

मी मिसेसना सगळं सांगितलं, शिवीसकट. त्या माणूस म्हणून चांगल्या, मला धीर वगैरे दिला नाही. म्हणाल्या, आजच्या आज गौर घरात गेली पाहिजे, दिवेलागणीच्या आत. तुम्हीच घेऊन जा. त्यांनी मला चपला काढायला लावल्या. गौर अनवाणी नेतात, आणणारीच्या पावलांनीच ती घरात येते. वाटेत मागं बघायचं नाही, आणि बोलायचं तर नाहीच नाही. बोलू नये म्हणून आमच्याकडं तोंडात पाण्याची चूळ धरतात, म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघून पुढं म्हणाल्या, तुम्ही तर धराच. त्यांनी सूप दिलं, जुडीवर हळदकुंकू वाहिलं. मी गुळणी भरली आणि निघाले.

तळवली काही लांब नाही. पण ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडायचा होता. बंदराकडं जाणाऱ्या ट्रेलरची रांग लागलेली, आणि मी हातात सूप, गाल फुगलेले, पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले. एका ड्रायव्हरनं सूप बघून ब्रेक मारला, हात कपाळाला लावला. त्याच्या मागचे सगळे हॉर्न वाजवत राहिले. मी मनात वाक्यं जुळवत होते. मावशी, माझं चुकलं. मावशी, मला माहीत नव्हतं. दोन्ही वाक्यं मला फालतू वाटली, आणि तोंडात तर पाणी.

गावात कुणीही घर दाखवलं असतं, पण विचारता येत नव्हतं. जिच्या गोठ्यातून मी शेण आणलं होतं त्या बाईनं सूप बघून आपण होऊन मावशींच्या घराकडं बोट केलं. मावशींचं घर कौलारू, बुटकं, दारात रांगोळीची पावलं काढलेली. आत पाट मांडलेला, पाटावर तांदूळ, आणि वर काही नव्हतं. सुनेनं मला ओळखलं. तिचा चेहरा आक्रसला, म्हणजे घरात सगळं कळलेलं होतं. मी उंबऱ्याकडं पाऊल टाकलं तशी तिनं हात आडवा धरला.

मला वाटलं, बरोबर आहे. माझी हीच लायकी. मी सूप तिच्या हातात द्यायला पुढं केलं. तिनं घेतलं नाही, आत वळून हाक मारली.

मावशी तांब्या घेऊन आल्या. माझ्याकडं बघितलं, सुपाकडं बघितलं. मग उंबऱ्याच्या आत, माझ्या पायाशी, गुडघे मोडून खाली बसल्या आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. मी दचकून पाय मागं ओढला. या बाईनं माझे पाय धुवायचे? आज? मी मान हलवत राहिले, नाही, नाही, सांगायला तोंड उघडता येईना, गिळावं तर ते पाणी गिळवेना, थुंकावं तर उंबऱ्यावर कशी थुंकणार. डोळ्यांतून मात्र घळाघळा सुरू झालं होतं. मावशींनी माझा घोटा घट्ट धरला.

"हालू नुको. आता ह्ये तुजे पाय नाय."

मग सून मागून म्हणाली, गवर आयली, काय घेवन आयली? याचं उत्तर गौर आणणारीनं द्यायचं असतं की घरातल्यांनी, मला ठाऊक नव्हतं. मावशींनीच दिलं. धान घेवन आयली, दूध घेवन आयली, त्या म्हणत गेल्या आणि आळीपाळीनं पाणी आणि दूध माझ्या पायांवर घालत गेल्या, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवत, लहान मुलाचे धुवावेत तसे. माझ्या पायांवरून काळं पाणी उंबऱ्यापाशी उतरत होतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या शेतावरची माती त्यांच्या दारात आली होती, आणि ती माझ्या पायांना लागून आली होती.